एक कोठार व अनेक वाटेकरी

वारणेच्या खोऱ्यात वाढलेल्या मुलास 'नोंद', 'पाळी' व 'वाटा' हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. शेतात ऊस कितीही तरारून उभा असला, तरी कारखान्याकडे त्याची नोंद असल्यावाचून तोड मिळत नाही. आणि पाटाचे पाणी पाळीने येते व पाळी संपली की पुढच्या शेतात जाते. शेजाऱ्याचे पीक सुकत असता आपल्याच वाफ्यात पाणी तुंबवून ठेवणाऱ्यास गाव बोल लावल्यावाचून राहत नाही. ज्या विषयावर मी आज लिहिणार आहे तो नवा वाटला, तरी त्याचे मूळ असे आपल्या बांधावरच आहे. विषय असा की, एकाच संगणकाच्या कोठारात जेव्हा शेकडो माणसे आपापली कागदपत्रे ठेवू लागतात, तेव्हा प्रत्येकाचा वाटा किती असावा, तो कोणी व कसा ठरवावा, आणि ठरविल्यावर तो न्यायाने कसा चालवावा?

हा प्रश्न आपल्या भागास अगदीच परका नाही. १९९८ साली केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार व वारणा सहकारी समूह ह्यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांकरिता 'वायर्ड व्हिलेज' नावाचा उपक्रम हाती घेतला. गावोगावी संगणक-केंद्रे निघाली व ती वारणानगरशी जोडली गेली. शेतकऱ्यास आपल्या उसाची नोंद, तोड व वजन ह्यांची माहिती गावातल्या गावात मिळावी, तेवढ्याकरिता त्यास वारणानगरची खेप पडू नये, हा त्यातील एक मुख्य हेतू होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांनी हेच काम करून पाहण्याचा प्रयोगही झाला. साधने बदलली, परंतु एक गोष्ट बदलली नाही : सामाईक दप्तरात मनुष्याची ओळख त्याच्या नावापेक्षा त्याच्या क्रमांकाने पटते. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

आता शाळेतील संगणकखोलीकडे वळू. तेथे टेबलांवर मांडलेले संगणक तुम्हांस दिसतात. परंतु तुमचे निबंध, चित्रे व प्रयोगवह्या बहुधा त्यांत नसतात. त्या 'सर्व्हर' नावाच्या एका संगणकाच्या डिस्कवर, म्हणजे सामाईक कोठारात, असतात. म्हणूनच आज खिडकीजवळच्या संगणकावर लिहिलेला निबंध उद्या दाराजवळच्या संगणकावर उघडता येतो. ही सोय मोठी खरी, पण तिच्यात एक धोका आहे. कोठार सर्वांचे असल्यामुळे ते एकट्याने भरले तरी सर्वांचे भरते. एखाद्याने स्नेहसंमेलनाची तासन्‌तास चाललेली चित्रफीत तेथे आणून ठेवली, दुसऱ्याने तीच पुन्हा ठेवली, की तिसऱ्या बिचाऱ्याच्या चार ओळींच्या पत्रासही जागा उरत नाही. ह्याहून वाईट म्हणजे, काही प्रोग्राम फाईल जतन करताना आधी जुनी प्रत रिकामी करतात व मग तिच्या जागी नवी लिहू लागतात. डिस्क ऐन वेळी भरली तर जुनी प्रत गेलेली व नवी लिहिली न गेलेली, अशी अवस्था होते. ज्याने काहीच अपराध केलेला नाही, त्याचेच काम अशा प्रकारे नाहीसे होऊ शकते.

ह्या आपत्तीवरील उपाय एका विद्यापीठातच घडला, हे येथे सांगण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात अनेक जण एकाच संगणकावर काम करीत. तेथील रॉबर्ट एल्झ ह्यांनी प्रत्येक वापरकर्त्याच्या जागेस मर्यादा घालणारी व्यवस्था रचली, आणि अमेरिकेतील बर्कले येथून प्रसिद्ध झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९८३ च्या आवृत्तीत तिचा समावेश झाला. तिलाच 'डिस्क कोटा' म्हणतात. आज जगभर चालणाऱ्या अशा व्यवस्थांचा सांगाडा पुष्कळ अंशी तोच आहे.

त्या सांगाड्याचे मुख्य भाग तीन. पहिली सौम्य मर्यादा, दुसरी कठोर मर्यादा, व तिसरी सवलतीची मुदत. समजा, एका विद्यार्थ्याची सौम्य मर्यादा २ जीबी व कठोर मर्यादा २.५ जीबी आहे. त्याने २ जीबी ओलांडले तर काम थांबत नाही. फक्त सूचना मिळते व मुदत सुरू होते. लिनक्स प्रणालीत ही मुदत सहसा ७ दिवसांची असते. तेवढ्यात त्याने नको असलेल्या फाईली काढून टाकल्या तर सर्व पूर्ववत होते; न काढल्यास सौम्य मर्यादाच कठोर बनते आणि पसारा तिच्याखाली आणल्यावाचून एक अक्षरही अधिक ठेवता येत नाही. कठोर मर्यादेस मात्र सवलत नाही, २.५ जीबी झाले की त्याच क्षणी दार बंद. १९८३ च्या व्यवस्थेत मुदत दिवसांत मोजीत नसत. लॉगिन करतेवेळी सूचना मिळे, आणि तीन वेळा मिळूनही न ऐकणाऱ्याची सवलत संपे. आधी सूचना, मग अवधी व शेवटी अटकाव, हा क्रम पालकांस घरच्या अनुभवानेच पटेल.

शिवाय मोजणी दोन प्रकारची असते. एक व्यापलेल्या जागेची व दुसरी फाईलींच्या संख्येची. कोठारात धान्य किती मावेल हे जसे पाहतात, तसे पोती मांडण्यास ओटे किती आहेत हेही पाहावे लागते. लाखभर चिमुकल्या फाईली ठेवणारा जागा थोडी अडवितो. पण पुष्कळ प्रणालींत फाईलींच्या नोंदींची संख्या आधीच ठरलेली असल्यामुळे तो ओटे मात्र संपवून टाकतो.

येथवर एका मनुष्याचा विचार झाला. खरी कसोटी पुढेच आहे. बाराशे मुलांच्या शाळेत प्रत्येकासाठी बसून वेगळा आकडा लिहावयाचा म्हटले तर शिक्षकाने शिकवावे केव्हा? म्हणून 'डीफॉल्ट' वाटा असतो. म्हणजे कोणी काही न मागता, कोणी काही न सांगता, प्रत्येकास आपोआप लागू होणारा वाटा. बायबल वाचणाऱ्यास ह्या ठिकाणी निर्गमाचा सोळावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. रानात इस्राएल लोकांस मान्ना मिळू लागला, तेव्हा माणशी एक ओमर असे माप ठरले. तंबूत जितकी माणसे, तितके ओमर. सहाव्या दिवशी दुप्पट घेण्याची मोकळीक होती, कारण सातवा विसाव्याचा. आणि इतर दिवशी ज्याने लोभाने उद्यासाठी साठविले, त्याच्या साठ्यात किडे पडले. सर्वांस एक माप, योग्य कारणासाठी आधीच जाहीर केलेला अपवाद, आणि साठेबाजीस आळा : हजारोंच्या वाटणीस लागणारे तिन्ही नियम त्या एका अध्यायात आहेत.

तथापि आकडे लिहिणारास एक सापळा ठाऊक असावा. व्यवहारात 'शून्य वाटा' म्हणजे काहीच नाही. परंतु युनिक्सच्या वंशातील बहुतेक प्रणालींत मर्यादेच्या रकान्यात शून्य असणे म्हणजे मर्यादाच नसणे होय! तेव्हा नव्या विद्यार्थ्याचा आकडा लिहावयाचा विसरला तर तो उपाशी राहील असे नव्हे. उलट सगळे कोठार त्यास मोकळे राहील. विसरभोळेपणाचे फळ त्यास नव्हे, इतरांस भोगावे लागते.

दुसरा गैरसमज गटाच्या वाट्याविषयी होतो. रेशनकार्ड असणाऱ्या घरांस हा भेद चटकन कळेल. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशी ५ किलो धान्य ठरले, तर अंत्योदय कुटुंबांस घरटी ३५ किलो. पहिल्या प्रकारात माणसे वाढली की धान्य वाढते. दुसऱ्यात घरात तिघे असोत वा नऊ असोत, ३५ किलोच. संगणकातील गटाचा कोटा हा 'घरटी' प्रकारचा आहे. नववीच्या वर्गास ५० जीबी दिले म्हणजे प्रत्येक मुलास ५० नव्हेत, सर्वांस मिळून ५०. आणि त्यांतील ४५ एकट्याने खाल्ले तरी प्रणाली मध्ये पडत नाही. म्हणून गटास मर्यादा घातली तरी माणशी मर्यादा सुटत नाही. अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर, गूगल कंपनी पूर्वी शिक्षणसंस्थांस अमर्याद जागा देत असे. २०२१ साली तिने जाहीर केले की, ह्यापुढे विनामूल्य सेवेत संपूर्ण संस्थेस मिळून १०० टीबी हा पाया राहील. तेव्हापासून हजारो विद्यार्थी असलेल्या विद्यापीठांस आपल्या माणसांत ती जागा कशी वाटावी ह्याचा विचार करणे भाग पडले.

माणशी आकडा किती असावा, हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरवावे. समजा, विद्यार्थी १,२०० व डिस्क २,००० जीबींची आहे. अडीअडचणीसाठी पंचमांश, म्हणजे ४०० जीबी, बाजूस ठेवले तर १,६०० उरतात. सरळ भागाकार केल्यास माणशी सुमारे १.३३ जीबी येतात. परंतु वर्षभर मोजणी केली असता असे आढळले की, १,००० विद्यार्थी प्रत्येकी ०.३ जीबीच्या आतच राहतात, १५० जणांस २ जीबींपर्यंत लागतात, आणि चित्रफिती करणाऱ्या ५० जणांस १० जीबींपर्यंत लागतात. तेव्हा प्रत्यक्ष वापर अनुक्रमे ३००, ३०० व ५००, मिळून फार तर १,१०० जीबी. असे असता सर्वांस २ जीबी व त्या पन्नासांस १० जीबी ठरविले, तर वचन २,८०० जीबींचे दिले जाते. डिस्क २,००० चीच आहे! ही फसवणूक नव्हे काय? पतपेढीही ठेवीदारांचा सगळा पैसा तिजोरीत ठेवीत नाही. कारण सर्व जण एकाच दिवशी पैसे काढावयास येत नाहीत. मात्र पतपेढी जशी रोजची शिल्लक पाहते, तशी येथेही रोजची बेरीज पाहिली पाहिजे, व ती १,६०० च्या जवळ जाऊ लागताच नवी डिस्क तरी आणावी, नाहीतर वाटे तरी कमी करावेत. जो पाहणार नाही, त्याने असे वचन देऊ नये.

आता हा आकडा सर्वांच्या नावे चढवावयाचा कसा? रीती तीन आहेत. पहिली, नमुना खात्याची : एका खात्यावर मर्यादा नीट लिहावयाच्या व त्यावरून इतरांच्या नकला काढावयाच्या. युनिक्समध्ये ह्यासाठी 'एडकोटा' नावाची आज्ञा आहे. परंतु नक्कल ही नक्कलच. पुढे नमुना बदलला तरी आधी काढलेल्या नकला बदलत नाहीत. दुसरी रीत डिस्कच्या व्यवस्थेतच डीफॉल्ट नोंदविण्याची. 'एक्सएफएस' ह्या व्यवस्थेत व विंडोजच्या 'एनटीएफएस' मध्ये तशी सोय आहे, आणि नव्या मनुष्याने पहिली फाईल ठेविली की तो आकडा त्यास लागू होतो. विसरण्याची भीती येथे नाही. तरीही एकदा आकडा त्याच्या नावे पडला की तो त्याचा झाला. डीफॉल्ट २ चे ३ केले म्हणून जुन्यांचे आपोआप ३ होत नाहीत. तिसरी रीत मला सर्वांत बरी वाटते. नियम एकाच ठिकाणी लिहून ठेवावा : अमुक इयत्तेस अमुक जागा. अपवादांची यादी निराळी असावी व तीत प्रत्येकापुढे कारण आणि अखेरची तारीख लिहिलेली असावी. मग एक लहानसा प्रोग्राम रोज रात्री हजेरीपट व ह्या दोन्ही याद्या वाचतो, प्रत्यक्ष मर्यादांशी त्या ताडून पाहतो व जेथे फरक असेल तेथे दुरुस्ती करतो. नियम बदलावयाचा झाल्यास एक ओळ बदलावी लागते, बाराशे नव्हेत. आणि अमक्यास अधिक का, असे कोणी विचारले तर यादी दाखविता येते. ज्या सवलतीचे कारण लिहून ठेवण्यास आपणांस संकोच वाटतो, ती सवलत बहुधा देऊ नये.

एवढे सगळे ठाऊक असूनही माझ्या हातून एक चूक घडली, ती विद्यार्थ्यांसमोर कबूल करणे मी माझे कर्तव्य समजतो. संगणकखोली सांभाळण्याचे काम मजकडे असता, एके वर्षी जून महिन्यात आठवीत नव्याने आलेली एक मुलगी आपला पहिलाच निबंध जतन करू लागली, तो पडद्यावर कोटा संपल्याची सूचना आली. मी दुरूनच, सर्व वर्गास ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आधी ती फालतू चित्रे पुसून टाक, मग निबंध लिही." ती उभी राहिली व हळूच म्हणाली, "सर, मी अजून काहीच ठेवलेलं नाही." मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. तास संपला, निबंध लिहून व्हावयाचा राहिला, आणि ती मान खाली घालून वर्गाबाहेर गेली.

संध्याकाळी मी तिचे खाते उघडून पाहिले, तो खरोखरच रिकामे. तरीही प्रणालीच्या हिशेबात तिच्या नावे पुरता वाटा भरलेला! शोध करता उलगडा झाला. प्रणाली फाईलीचा मालक नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते, हे मी प्रारंभी सांगितलेच आहे. मार्चमध्ये शाळा सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे खाते मी काढून टाकले होते व त्याचे घरचे फोल्डरही पुसले होते. परंतु सर्वांच्या सामाईक फोल्डरात त्याने ठेवलेल्या मोठमोठ्या फाईली तशाच राहिल्या होत्या. पुढे नवी यादी करताना मोकळे झालेले क्रमांक मी नव्या मुलांस देऊन टाकले, आणि त्या विद्यार्थ्याचा क्रमांक ह्या मुलीच्या वाट्यास आला. क्रमांकाबरोबर त्याच्या पसाऱ्याचे ओझेही आले. कर्ज दुसऱ्याचे, खाते तिचे, आणि चूक माझी!

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच आवाजात, मी तिची क्षमा मागितली व घडलेला प्रकार फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितला. त्या दिवसापासून दोन नियम मी पाळीत आलो आहे. एक असा की, गेलेल्याचा क्रमांक पुन्हा कोणास द्यावयाचा नाही. क्रमांकांचा काही दुष्काळ पडलेला नाही. आणि जाणाऱ्याच्या फाईली साऱ्या डिस्कभर त्याच्या क्रमांकावरून शोधून, ज्या ठेवण्याजोग्या असतील त्या शाळेच्या नावे कराव्यात, व्यक्तिगत असतील त्या त्यास पोचत्या कराव्यात, आणि मगच खाते बंद करावे. दुसरा नियम असा की, सूचना आली की आधी आकडा पाहावयाचा व मग मनुष्याशी बोलावयाचे. यंत्राने एखाद्यास दोषी म्हटले म्हणजे तो दोषी ठरतोच असे नाही. यंत्र एवढेच सांगते की, आपण लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे बेरीज अमुक झाली. नियम आपण लिहिला, क्रमांक आपण दिला. तेव्हा पहिली चौकशी आपली स्वतःची झाली पाहिजे.

विद्यार्थ्यांस माझे सांगणे थोडके आहे. आपला वाटा किती व त्यांतील भरला किती, हे महिन्यातून एकदा पाहत जा. एकच चित्र चार ठिकाणी ठेवू नका. महत्त्वाचे काम निराळ्या नावाने जतन करून, ते उघडून पाहून, मगच जुनी प्रत पुसा. सूचना येताच शिक्षकांस सांगा. ती लपविल्याने मुदत थांबत नाही. खरोखर अधिक जागा हवी असेल तर संकोच न करता मागा. मागणे हा अपराध नव्हे, न विचारता अडविणे हा आहे. आणि शाळा सोडून जाताना वर्ग झाडून जाता, तसे आपले फोल्डरही आवरून जा. तुमच्यामागून त्या बाकावर कोणीतरी बसणार आहे.

पालकांस एवढेच विनवावयाचे आहे की, 'माझ्या मुलास जागा कमी का?' असे विचारण्यापूर्वी 'नियम काय आहे व तो सर्वांस सारखाच लागू आहे काय?' असे विचारावे. नियमाविषयीच्या प्रश्नास उत्तर देणे हे शाळेचे कामच आहे, आणि तिने ते आकड्यांनिशी दिले पाहिजे. डीफॉल्ट वाटा हा वरवर पाहता एक क्षुल्लक आकडा आहे. परंतु ज्याची ओळख नाही, ज्याचा वशिला नाही व ज्यास मागावयासही धीर होत नाही, अशा मुलाचा सगळा आधार त्याच आकड्यावर असतो. मोठ्यांस अपवाद मिळतच असतात. न मागणाऱ्यास काय मिळते, ह्यावरून कोठाराच्या रखवालदाराची परीक्षा होते. आणि त्या परीक्षेत मी एकदा नापास झालो होतो, हे मी अद्याप विसरलेलो नाही.